हाताला बसलेली गिटार: चार हजारांच्या आतली ३९ इंची, मापांसकट

सांगली-मिरजेत घरात पहिली गिटार येते ती सहसा तीन ते पाच हजारांतली. दोन-तीन वर्षं वाजवून झाली, कॉर्ड्स बसल्या, की ती विकून मोठी घ्यायचा विषय निघतो. दुकानात पंधरा-वीस हजारांची गिटार मांडीवर घेतली की आवाज भरदार लागतो. पण मान जाड वाटते, काखेखालचा खोका उंच वाटतो आणि अर्ध्या तासात उजवा खांदा बोलायला लागतो. अशा वेळी जुनीच ठेवावी का? आमचं उत्तर असं: मान सरळ असेल आणि हाताला बसत असेल तर खुशाल ठेवावी, आणि नव्या गिटारीला लागणार होते त्या पैशांतला दहावा हिस्सा जुनीवर खर्च करावा. तो कुठे आणि कसा, हे खाली मापांसकट दिलं आहे.

ब्रँडचं नाव मुद्दाम टाळलं आहे. या किमतीत एकाच साच्याची गिटार वेगवेगळ्या लेबलांखाली मिळते आणि त्याच लेबलची पुढची खेप वेगळ्या मानेची निघू शकते. नाव वाचून घेतलेली गिटार हाताला बसेलच असं नाही. मापं जुळवून घेतलेली बसण्याची शक्यता बरीच जास्त.

परीक्षणासाठीची गिटार अशी आहे. एकूण लांबी ३९ इंच, कटअवे (मानेजवळ खोक्याला कापलेला खळगा), वरची तबली, पाठ आणि कडा तिन्ही लिंडनच्या प्लायच्या. स्केल, म्हणजे नटपासून (मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) सॅडलपर्यंत (खोक्यावरच्या ब्रिजमधली, तारा टेकतात ती पट्टी) वाजणाऱ्या तारेची लांबी, ६३० मिमी. घरी मोजायचं तर नटच्या आतल्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) मध्यापर्यंत मोजा आणि दुप्पट करा. इथे ते ३१५ भरतं. नटची रुंदी ४२ मिमी. मानेची जाडी पहिल्या फ्रेटपाशी २०.५ आणि नवव्यापाशी २२.५ मिमी. खोका खालच्या बाजूला ३७२ मिमी रुंद आणि मागच्या टोकाला ८८ मिमी खोल. वजन १ किलो ६०० ग्रॅम. फ्रेट २०, मान खोक्याला चौदाव्या फ्रेटपाशी मिळते. साउंडहोलमधून ४ मिमीच्या अ‍ॅलन कीने फिरणारा ट्रस रॉड, म्हणजे मानेचा बाक कमी-जास्त करणारी आतली सळई, आहे आणि तो खरोखर काम करतो. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. या किमतीत काही गिटारींच्या मानेत नुसती लोखंडी पट्टी असते, फिरवायला काहीच नसतं. काहींत रॉडचा नट दिसतो पण फिरवून मानेवर परिणाम शून्य. ठेवायची की विकायची हे ठरवताना पहिली तपासणी हीच.

आता सोय येते कुठून ते बघू. तारेचा ताण स्केलच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मोठ्या गिटारींचं स्केल बहुधा ६४८ मिमीच्या आसपास असतं. त्याच तारा, त्याच सुरात ६३० मिमीवर लावल्या तर ताण साडेपाच टक्क्यांनी कमी होतो. नटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचं अंतर ६४८ वर सुमारे १३४ मिमी आणि ६३० वर १३० मिमी. चार मिलिमीटर ऐकायला काहीच नाहीत. पण करंगळी तिसऱ्या-चौथ्या फ्रेटवर ताणून ठेवणाऱ्याला विचारा, चार मिलिमीटर म्हणजे काय ते.

तरीही या गिटारीच्या सोयीतला मोठा वाटा मानेचा नाही, खोक्याचा आहे. तुलनेला यामाहाची एफ ३१० घेऊ, कारण ती बहुतेकांनी हाताळलेली असते. तिचं स्केल ६३४ मिमी, नट ४३ मिमी. म्हणजे डाव्या हाताला दोन्ही जवळपास सारख्याच. पण एफ ३१० चा खोका ९६ ते ११६ मिमी खोल आहे आणि हिचा मागच्या टोकाला ८८. म्हणजे जवळजवळ तीन सेंटिमीटरचा फरक. खुर्चीवर ताठ बसून वाजवणाऱ्याला हा फरक फारसा जाणवणार नाही. आपल्याकडे मात्र गिटार सतरंजीवर वाजते: भजनात, गणपतीच्या मांडवात, गॅदरिंगच्या तालमीत. मांडी घातली की उजवी मांडी खाली आणि बाहेर जाते, गिटार खाली सरकते आणि खोका पोटापासून पुढे ढकलला जातो. खोका जितका खोल तितका उजवा दंड बाहेर, खांदा वर, आणि तारा दिसाव्यात म्हणून गिटार उताणी धरली की डावं मनगट मुडपतं. बोटं दुखतात म्हणून तक्रार येते, आणि मूळ असतं या बैठकीत. ८८ मिमीचा खोका मांडीत नीट बसतो. त्यातून उजव्या मांडीवर टॉवेलची पाच-सहा सेंटिमीटर जाडीची घडी ठेवली तर मान आपोआप वर येते आणि मनगट सरळ राहतं. मोठी गिटार घ्यायला दुकानात जाल तेव्हा खुर्चीवर बसून बघू नका. चपला काढून खाली मांडी घाला आणि दहा मिनिटं वाजवा.

मापं चांगली असली तरी पॅकिंगमधून निघालेली गिटार जशीच्या तशी आरामाची नसते. हिची अवस्था अशी होती: बाराव्या फ्रेटवर फ्रेटचा माथा आणि तारेची खालची कड यांतलं अंतर सहाव्या (सर्वांत जाड) तारेला ३.६ मिमी, पहिल्या (सर्वांत बारीक) तारेला ३ मिमी. मानेचा बाक ०.४ मिमी. पहिल्या फ्रेटवर मोकळ्या तारेची उंची सहावीला १.१ आणि पहिलीला ०.८ मिमी. आरामात वाजण्यासाठी हेच आकडे २.४ आणि १.८, ०.२, आणि ०.५ व ०.४ असे हवेत. म्हणजे तिन्ही जागी काम आहे, आणि ते याच क्रमाने करायचं: आधी ट्रस रॉड, मग नट, शेवटी सॅडल. क्रम का? तर नट खाली केला की बाराव्या फ्रेटवरची उंची त्याच्या निम्म्याने आपोआप उतरते, मान सरळ केली की आणखी दशांशभर उतरते. थेट सॅडल घासायला घेतलं तर हिशोबाने २.४ मिमी घासावं लागलं असतं. क्रमाने गेल्यावर १.६ ते १.८ मिमीतच भागलं. उलट्या क्रमाने जाणाऱ्याचं सॅडल शेवटी बुटकं होतं, तारा खरखरायला लागतात आणि नवं सॅडल आणावं लागतं.

हत्यारं सगळी सांगलीत सहज मिळतात. टॅपेट सेट करायचं फीलर गेज ऑटो स्पेअर्सच्या दुकानात, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची स्टीलची पट्टी स्टेशनरीत, अ‍ॅलन की आणि १२०, २२०, ४०० नंबरचे पॉलिश पेपर हार्डवेअरमध्ये. फीलर गेज नसेल तर झेरॉक्सचा कागद चालतो. एक कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो.

बाक मोजायला पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा, चौदाव्या फ्रेटवर सहावी तार दाबा आणि सातव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात किती कागद जातात बघा. दोन कागद अलगद गेले तर बरोबर. चार जात असतील तर तारा थोड्या सैल करून ट्रस रॉड घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाव फेरा फिरवा, पुन्हा सुरात लावा, रात्रभर ठेवा, मग मोजा. लाकूड लगेच जागेवर येत नाही. पाव-पाव फेरा करत एकूण अर्ध्या-पाऊण फेऱ्यात काम व्हायला हवं. की अडकली, करकरली, की तिथेच थांबायचं. जोर लावून रॉडचा आटा गेला तर ती मान दुरुस्त करण्याचा खर्च गिटारीच्या किमतीपेक्षा जास्त होतो.

नटबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण स्वस्त गिटारीत सर्वांत जास्त त्रास इथेच असतो आणि सर्वांत कमी लक्षही इथेच जातं. कारखान्यात खाचा कमी खोल ठेवून देतात, कारण उथळ खाच कधी खरखरत नाही, त्यामुळे तक्रार येत नाही. वाजवणाऱ्याला मात्र पहिल्या फ्रेटवरचा एफ बार (एका बोटाने सगळ्या तारा दाबायची कॉर्ड) जमत नाही आणि तो स्वतःच्या बोटांना दोष देत राहतो. एक सोपी परीक्षा आहे. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा आणि तोच बार एक फ्रेट पुढे वाजवा. एकदम सोपा गेला, तर दोष बोटांचा नाही, नटचा आहे. दुसरी खूण सुराची: मोकळी तार ट्यूनरवर अचूक, पण पहिल्या फ्रेटवर दाबली की दहा-पंधरा सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट) चढलेली दिसते. उंच तार खाली दाबताना ताणली जाते, म्हणून सूर चढतो. सी आणि एफ कॉर्ड कायम बेसूर वाटते याचं कारण बहुतेकदा हेच.

खाच खोल करायला नटच्या खास फायली मिळतात, पण त्यांची किंमत या गिटारीला शोभणारी नाही. गॅस वेल्डिंगचं नोझल साफ करायच्या दातेरी सुयांचा संच हार्डवेअरमध्ये थोडक्यात मिळतो आणि चौथ्या, पाचव्या, सहाव्या तारेला तो उत्तम चालतो. तारेच्या जाडीपेक्षा किंचित जाड सुई निवडा. बारीक तारांसाठी त्याच जाडीच्या जुन्या तारेच्या तुकड्याला ४०० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून घासा. पाच-सहा वेळा घासलं की तार परत लावून मोजायचं, पुन्हा पाच-सहा वेळा. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली असता पहिल्या फ्रेटवर केसाएवढी फट दिसली पाहिजे. टोचून बघितलं तर टिक् असा बारीक आवाज यायला हवा. फट नाहीशी झाली की खाच जास्त खोल गेली. तसं झालं तर खाण्याचा सोडा चिमूटभर खाचेत भरा, वर फेविक्विकचा एक थेंब. क्षणात दगड होतो. मग पुन्हा घासा.

आता कोनाकडे या. खाचेचा तळ फ्रेटबोर्डाच्या बाजूला सगळ्यात उंच हवा आणि तिथून मागे खुंट्यांकडे उतरता हवा. तळ सपाट राहिला तर मोकळी तार खाचेच्या पृष्ठभागावर सरपटते आणि सतारीसारखी झणझणते. मिरजेच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. सतारीच्या घोडीचा माथा रुंद आणि अगदी किंचित उतरता असतो, तार त्यावर चाटत कंप पावते, म्हणून जवारी बोलते. तानपुऱ्यात जीवा, म्हणजे तारेखालचा दोरा, सरकवून हीच जागा नेमकी शोधतात. गिटारीत या सगळ्याच्या उलट हवं असतं. तारेने एकाच बिंदूवर सोडायचं, चाटायचं नाही. नटची सपाट खाच आणि सॅडलचा सपाट माथा म्हणजे नको तिथे लागलेली खुली जवारी.

सॅडल हिच्यात पोकळ प्लास्टिकचं होतं, ब्रिजवर ६ मिमी वर आलेलं. ते बदलून हाडाचं बसवलं. हाडाची कच्ची पट्टी ऑनलाइन दीडशे ते तीनशे रुपयांत मिळते. खाचेची रुंदी मोजूनच मागवा, ३ मिमीच्या खाचेत २.८ ची पट्टी हलते आणि पुढे झुकते. हाताशी मिरज असताना दुसराही रस्ता आहे. सतारमेकर गल्लीतल्या कारागिरांना हाड आणि शिंग घासून माथा काढण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. त्यांच्याच कामामुळे मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कुणाकडे काम द्यायचं तर जुनं सॅडल नमुना म्हणून सोबत न्या, हव्या त्या उंचीवर पेन्सिलीची रेघ मारा आणि एक गोष्ट स्पष्ट सांगा: माथा गोल, टोकदारकडे झुकणारा हवा, जवारी नको.

घरी घासायचं तर खालून घासायचं, वरून नाही, म्हणजे माथ्याचा आकार बिघडत नाही. स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर १२० चा पॉलिश पेपर चिकटपट्टीने पक्का करा आणि सॅडल उभं धरून सरळ रेषेत ओढा. दोन्ही टोकांवर सारखा दाब. बोटांनी नुसतं धरलं की ते तिरकं घासलं जातं. लाकडाच्या चौकोनी तुकड्याला टेकवून घासलं तर कोन ९० अंशांचा राहतो. तळ वाकडा झाला तर ब्रिजशी पूर्ण टेकत नाही आणि दोन तारांचा आवाज मेलेला येतो. बाराव्या फ्रेटवर जेवढं उतरवायचं त्याच्या दुप्पट सॅडलवरून काढायचं, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो. काम संपल्यावर सॅडल ब्रिजवर किमान अडीच-तीन मिमी उरलं पाहिजे. त्याहून कमी उरलं तर तार सॅडलवर पुरेशी दाबली जात नाही आणि आवाज पडतो. इथे ४.२ मिमी उरलं, म्हणजे पुढच्या काही वर्षांत मान थोडी उचलली तरी जागा आहे.

तारांविषयी. गिटारीबरोबर आलेल्या तारा पहिल्या दिवशीच काढून टाकाव्यात. त्यांना गंज चढलेला असतो आणि माप लिहिलेलं नसतं. बाजारात तीन संच चालतात: १०-४७, ११-५२ आणि १२-५३. हे आकडे म्हणजे सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात. ६४८ मिमी स्केलवर १२-५३ चा एकूण ताण ७० किलोच्या वर जातो, १०-४७ चा साठ-बासष्ट किलोच्या आसपास असतो. नवशिक्यांना सगळीकडून १०-४७ सुचवतात आणि ते चूकही नाही. पण या गिटारीला आम्ही वेगळी जोडी सुचवतो: ११-५२ लावा आणि सगळ्या तारा अर्धा स्वर खाली उतरवा. अर्धा स्वर उतरवला की ताण अकरा टक्क्यांनी घटतो. ६३० च्या स्केलवर मिळून तो ५७ किलोच्या आसपास येतो, म्हणजे बोटांना जवळपास १०-४७ इतकाच हलका. आणि तारा जाड असल्याने प्लायच्या तबलीतून जो काही खर्ज निघतो तो टिकतो. रोजच्या वाजवण्याला पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला की सूर पुन्हा नेहमीचा. कॅपोमुळे नटची उंचीही बाद होते, त्यामुळे ज्याला नट घासायची भीती वाटते त्याच्यासाठी ही बिनखर्चाची सोय आहे. संच बदलल्यावर बाक पुन्हा मोजायला विसरू नका. ताण कमी झाला की मान मागे जाते, बाक नाहीसा होतो आणि पहिल्या चार फ्रेटमध्ये खरखर सुरू होते. ट्रस रॉड अष्टमांश ते पाव फेरा सैल केला की ती थांबते.

हार्मोनियमबरोबर वाजवणाऱ्यांना ही मांडणी आणखी उपयोगी पडते. गायक काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून) असेल तर अर्धा स्वर उतरवलेल्या गिटारीवर दुसऱ्या फ्रेटला कॅपो आणि सीचे आकार. काळी चारला दुसऱ्याच फ्रेटवर जीचे आकार. काळी पाचला चौथ्या फ्रेटवर जी, किंवा दुसऱ्यावर ए. पेटी जुनी असेल तर ती ट्यूनरशी जुळेलच असं नाही. अशा वेळी ट्यूनर बाजूला ठेवा, पेटीचा सा धरा आणि गिटार त्यावर लावा. पेटी काही आपल्याकडे येणार नाही.

आवाज. प्लायची तबली आहे, तेव्हा अपेक्षा त्या मापाच्या ठेवाव्यात. मधला भाग स्पष्ट, वरचा थोडा कर्कश, खर्ज पातळ, आणि सुटी तार सोडली की गुंज लवकर संपते. कॉर्ड्स वाजवून गायला पुरेसा आवाज आहे, वीस माणसांच्या खोलीत माइक लागत नाही. बोटांनी एकेक तार वाजवणाऱ्याला मात्र कमतरता पहिल्या मिनिटातच जाणवेल. हाडाच्या सॅडलने पहिली-दुसरी तार थोडी स्वच्छ झाली, एवढंच. हाड बसवलं की स्वस्त गिटार महागड्यासारखी वाजते, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. प्लायचा एक फायदा आपल्या हवेत मोठा आहे. एप्रिल-मेचं कोरडं ऊन आणि लगेच जूनची दमट हवा या फरकात सलग लाकडाची तबली फुगते, आक्रसते, निष्काळजीपणा झाला तर तडकते. प्लाय जागेवर राहते.

हिच्यातल्या उणिवा लपवण्यात अर्थ नाही. फ्रेटबोर्ड काळा रंगवलेला आहे. ओल्या फडक्याने पुसला की फडकं काळं होतं. लिंबाचं तेल लावू नका, रंग आणखी सुटतो. कोरडं मऊ कापड पुरे. उन्हाळ्यात फ्रेटबोर्ड आक्रसल्याने फ्रेटची टोकं कडेला अर्धा मिलिमीटरपर्यंत बाहेर आली आणि तळहाताला टोचायला लागली. बारीक कानस मानेच्या कडेला तिरकी धरून, प्रत्येक टोकावर चार-पाच हात मारले की प्रश्न मिटतो, फक्त आधी कडेला चिकटपट्टी लावा म्हणजे पॉलिशवर ओरखडे येत नाहीत. खुंट्या उघड्या दातांच्या आहेत आणि त्यांत खेळ आहे. त्यावर उपाय म्हणजे सूर नेहमी खालून वर चढवत आणायचा; वर गेला तर बराच खाली उतरवून पुन्हा चढवायचा. तार खुंटीला जाड तारांसाठी दोन-तीन आणि बारीकांसाठी चार-पाच वेढे, खाली खाली येणारे. वेढे एकावर एक चढले की तार सुरात थांबत नाही आणि दोष खुंटीवर जातो. ब्रिजच्या प्लास्टिकच्या खिळ्या वर येतात, त्याचं कारण बहुधा बसवण्यात असतं: तारेच्या टोकाची गोळी खिळीच्या टोकाखाली अडकलेली असते. तारेचं शेवटचं टोक किंचित वाकवून आत घाला, खिळी दाबत तार वर ओढा, गोळी आतल्या पट्टीला जाऊन टेकल्याचं हाताला कळतं.

अकराव्या फ्रेटचा माथा जरा उंच होता, त्यामुळे दहाव्या फ्रेटवर दुसरी तार झरझरायची. असा फ्रेट शोधायला एटीएम कार्डाची सरळ कड तीन फ्रेटवर आडवी ठेवून डुलवा. डुललं तर मधला उंच. आधी त्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हलका ठोका मारून बघा, सुटलेला असेल तर बसतो आणि फेविक्विकच्या थेंबाने पक्का होतो. बसत नसेल तर माथ्यावर मार्करने रेघ मारून सपाट कानशीने ती रेघ जाईपर्यंतच घासा आणि ४०० च्या पॉलिश पेपरने गोलाई द्या.

एवढी मेहनत कोणत्या गिटारीवर करू नये, तेही सांगायला हवं. अर्ध्या मीटरची सरळ पट्टी फ्रेटवर मधोमध ठेवून ब्रिजकडे न्या. पट्टीचं टोक ब्रिजच्या माथ्याला टेकलं किंवा किंचित वर राहिलं तर मानेचा कोन ठीक. ते ब्रिजच्या माथ्याच्या खाली, लाकडावर जाऊन धडकलं तर मान पुढे आली आहे, आणि सॅडल कितीही घासलं तरी तारा उतरणार नाहीत. खुंट्यांकडून खोक्याकडे नजर लावून बघितल्यावर मानेला पीळ दिसला, तर तीही सोडून द्या. ब्रिजच्या मागच्या कडेखाली झेरॉक्सचा कागद सरकवा. दोन-तीन मिमी आत गेला तर ब्रिज उखडायला लागला आहे. तो पुन्हा चिकटवता येतो, पण जुना सरस खरवडून, क्लॅम्प लावून आणि २४ तास तारा न चढवता. वरून फेविक्विक ओतणं म्हणजे पुढच्या दुरुस्तीचा रस्ता बंद करणं. आणि नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार असेल तर तिच्यावर स्टीलच्या तारा कधीच चढवू नका. त्या गिटारीची तबली आणि ब्रिज एवढा ताण सोसायला बनवलेले नसतात.

खर्चाचा अंदाज: तारांचा बरा संच पाचशे ते आठशे, हाडाची पट्टी दीडशे ते तीनशे, हत्यारं आणि पॉलिश पेपर तीनशे-चारशे, कॅपो दोनशे-तीनशे. साडेअकराशे ते अठराशेंत सगळं येतं आणि हत्यारं पुढेही राहतात. रोज तासभर वाजवत असाल तर तारा दोन-तीन महिन्यांनी बदला; वाजवून झाल्यावर कोरड्या सुती कापडाने प्रत्येक तार चिमटीत धरून पुसली तर आणखी महिनाभर सहज जातो. उन्हात उभ्या गाडीत गिटार ठेवू नका, तिथे सरस मऊ पडतो आणि ब्रिज ताणाने उचलला जातो. कृष्णाकाठच्या खालच्या गल्ल्यांत राहणाऱ्यांनी जुलै-ऑगस्टात पाण्याच्या बातम्या सुरू झाल्या की तारा दोन स्वर उतरवून गिटार माळ्यावर टाकावी. २०१९ आणि २०२१ च्या पुरात घराघरांत पाणी शिरलं तसं पाणी गिटारीला लागलं, तर प्लायचे थर सुटतात, आणि त्यावर मात्र काहीच इलाज चालत नाही.